वाळवणाचे हात

तेर गावात, बायकांनी आणलेल्या पिठाच्या शेवया मशीनवर करून देणाऱ्या एक मावशी आहेत. बोलताना त्या पिठाकडेच बघतात. "व्हय का न्हाय" असं विचारतात, पण उत्तराला थांबत नाहीत. बँकेच्या कर्जासाठी त्यांच्या धंद्याचा प्रकल्प अहवाल मीच लिहिला होता. जुनी मशीन सावकाश चालते, बायकांचा अर्धा दिवस रांगेत वाया जातो, म्हणून मोठी मशीन घ्यावी, असं त्यात होतं.

यंदा उन्हाळ्यात गेलो, तर मोठी मशीन लुगड्याखाली झाकलेली आणि जुनीच घरघरत होती.

"बिघडली का?" मी विचारलं.

"न्हाय. लई पळती. रांगच लागंना. मग वल्या शेवया काठीवर पसरायला हात कुणाचे आणायचे? समद्या चिकटून गोळा झाल्या, व्हय का न्हाय."

तेव्हा कुठं मला दिसलं. नंबराची वाट बघणाऱ्या बायकाच एकमेकींच्या शेवया वाळत घालत होत्या. त्यांना गिऱ्हाईक म्हणावं की मजूर? मी विचारणार, तेवढ्यात मावशींनी ओल्या शेवयांचा झुपका माझ्या हातात दिला.

"रिकामं उभं ऱ्हाऊ नका. पसरा."

मी काठीकडे निघालो. पीठ तर मी आणलंच नव्हतं. मग मी कोण, तेही कळेना.