भांड्याचं बूड पाहणाऱ्या शकूताई

शकूताई रामटेके पहिल्यांदा माझ्या घरी आल्या तेव्हा त्यांनी पुस्तकांच्या कपाटाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. माझ्याकडे येणारा माणूस साधारणपणे आधी त्या कपाटाचं कौतुक करतो. निदान मी ते तशाच जागी ठेवलं आहे. शकूताई सरळ स्वयंपाकघरात गेल्या. ओट्यावरचं चहाचं पातेलं उचलून उलटं केलं, बुडावर अंगठा घासला आणि तो अंगठा आपल्या पांढऱ्या हातरुमालावर दाबला. रुमालावर काळा ठसा उमटला.

"बर्नर साफ कर वं," त्या म्हणाल्या. "गॅस फुकट चालला अन् तू काजळी खाऊन राहिली."

त्या आमच्या खालच्या मजल्यावर नुकत्याच राहायला आल्या होत्या. आमची ओळख तोवर जिन्यात हसण्यापुरतीच होती. मी कॉलेजात जन्मभर इतिहास शिकवलेला, त्यामुळे परक्या माणसाच्या घरात शिरून ताबा घेणारे लोक मला पुस्तकांतून माहीत होते. प्रत्यक्षात ही पहिलीच वेळ. मी त्या संध्याकाळी बर्नर साफ केला.

शकूताईंची सगळी नोकरी खापरखेड्याच्या वीज केंद्रात गेली, प्रयोगशाळेत. कोळसा तपासायचा, बॉयलरचं पाणी तपासायचं. डोंगराएवढा कोळसा त्यांच्या डोळ्यांसमोर राख झाला आणि त्यातली थोडी राख रोज वसाहतीतल्या वाळत घातलेल्या कपड्यांवर येऊन बसली. निवृत्तीनंतर माणूस नोकरीपासून दूर पळतो. शकूताईंनी जाळण्याचाच धंदा पुढे चालू ठेवला, फक्त तो कपात मावेल एवढा केला. थंड पेयाच्या दोन रिकाम्या कॅनची बुडं कापून त्या एकात दुसरं बसवायच्या, काठाला टाचणीने भोकं पाडायच्या, आत चार चमचे स्पिरिट ओतून काडी लावायच्या. भोकाभोकांतून निळ्या ज्योतींचं फूल उमलायचं. त्या शेगडीला त्यांनी 'डबी' हे नाव दिलं होतं. तिचं वजन एखाद्या पोस्टाच्या पाकिटाएवढंही नसेल. स्वतः त्या थंड पेय कधी पीत नसत. कॅन लग्नाच्या हॉलमागून गोळा करून आणायच्या, आणि त्याबद्दल कुणाला काही वाटेल असं त्यांना कधी वाटलं नाही.

"डबी काय, कोणीही बनवते," त्या म्हणायच्या. "तिच्यात काय ओततं, ते सांग. शेगडी म्हणजे नुसतं तोंड हाय. पोटात काय चाललं ते पाहा लागते."

त्यासाठी गच्चीवर परीक्षा व्हायची. मी आयुष्यात बऱ्याच निवड समित्यांवर बसले आहे, पण इतकी निष्पक्ष समिती पाहिली नाही. कोरोनानंतर घरोघरी उरलेल्या सॅनिटायझरच्या बाटल्या हे पहिले उमेदवार. ते जळायचं, पण मागे चिकट थर सोडायचं आणि भोकं बुजवायचं. "याले हात धुवायलेच राहू दे." दवाखान्यात सुईआधी दंडाला लावतात त्यातला एक प्रकार पिवळ्या ज्योतीने फडफडायचा आणि भांडं काळंठिक्कर करायचा. "दिसते डॉक्टर, पण हाय कोळसेवाला." शेवटी निवड झाली ती लाकडी सामानाला लाखेचं पॉलिश करणारे वापरतात त्या साध्या निळ्या स्पिरिटची. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं, शांत जळणारं, बूड पांढरं ठेवणारं. मी पेट्रोलचं नाव काढलं, तर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी पुन्हा इतिहासात परतले.

या बुडाच्या वेडामागे काय आहे, ते एकदा त्यांनी गच्चीवरच सांगितलं, स्पिरिट मोजता मोजता. त्यांची आई लाकूड, गोवऱ्या, वेचून आणलेला अर्धजळका कोळसा, जे मिळेल ते जाळून स्वयंपाक करायची. म्हातारपणी तिला दिसेनासं झालं आणि खोकला रात्रंदिवस राहिला. "बुडाले जेवढं काळं लागते ना, तेवढंच बाईच्या छातीत जाते. भांडं तरी घासता येते." एवढं बोलून त्यांनी काडी ओढली. त्या दिवसापासून मी त्यांच्या रुमालावर विनोद करणं सोडलं.

आमच्या भागातल्या काही बायका सकाळी फिरायला जायच्या, मीही त्यांत. कुणी निवृत्त, कुणी सुना-नातवंडांत गुंतलेल्या. शकूताईंनी त्यांच्या डोक्यात एक खूळ घातलं: रानाजवळ एक मुक्काम करायचा. आपला आपण. पाठीवर मावेल तेवढंच सामान, नवरे नाहीत, आचारी नाही. या बायकांनी जन्मात असा एक दिवस काढला नव्हता, जेव्हा त्यांचा स्वयंपाक फक्त त्यांच्यासाठी होता. घरोघरी चर्चा झाली. सगळ्यात मोठा अडथळा ठरली ती डबी. आमच्यातल्या प्रमिलाबाईंच्या यजमानांनी सगळ्या घरांच्या वतीनं निकाल दिला: "एकदा जाऊन या. पण हात पोळला, पदर पेटला, उपाशी राहिल्या, असं काही एक जरी झालं, तर पुन्हा या गोष्टीचं नाव काढायचं नाही." प्रमिलाबाई स्वभावानं गरीब. त्यांनी हे येऊन शकूताईंना जसंच्या तसं सांगितलं.

"मंग एकदाच जाऊ," शकूताई म्हणाल्या, "पण अशा जाऊ का दुसऱ्यांदा कोणी अडवू नाही शकत."

ही वार्ता धरमपेठेतल्या एका गिरिभ्रमण मंडळाच्या अध्यक्षांपर्यंत गेली. नागपुरात डोंगर फार नाहीत. अध्यक्षांची मात्र कमतरता नाही. त्यांनी आम्हाला न्यायला-आणायला मंडळाची गाडी देऊ केली आणि त्यासाठी एक निरोप समारंभ ठेवला. हॉल, हार, स्त्रीशक्तीवर भाषण. भाषणात हिमालय बऱ्याचदा आला, पारशिवनी एकदाही नाही, जिथे आम्ही खरोखर जाणार होतो. शेवटी अध्यक्षांनी शकूताईंच्या हाती रिबीन बांधलेला एक कॅन ठेवला. त्यांच्या मित्राच्या कारखान्यातलं इंधन, अतिशुद्ध, खास शेगडीसाठी. टाळ्या वाजल्या. शकूताईंनी रिबीन बाजूला सारून कॅनवरचं नाव वाचलं.

"हे मिथेनॉल हाय साहेब."

"हो, एकदम शुद्ध! परदेशात काही लोक हेच वापरतात."

"शुद्ध हाय म्हणूनच नको. याची वाफ छातीत जाते, सांडलं तर कातडीतून आत जाते. पोटात गेलं तर डोळे खाते. याची ज्योत उन्हात दिसत बी नाही. बायका पहिल्यांदाच डबी पेटवून राहिल्या." आणि त्यांनी तो कॅन रिबिनीसकट टेबलावर परत ठेवला. "माह्या आईचे डोळे चुलीनं खाल्ले. आणखी कोणाचे खाऊ देत नाही मी."

अध्यक्ष हसले, हसू कुठे ठेवावं ते न कळलेल्या माणसासारखे. दोन दिवसांनी निरोप आला की गाडी दुरुस्तीला गेली आहे. गाड्यांनाही मान-अपमान कळतो, हे मला तेव्हा कळलं.

आम्ही एसटीने गेलो. एसटीत स्पिरिट न्यायची परवानगी नाही, आणि शकूताई नियमाच्या पक्क्या. मनातून त्यांना ते पटलंही होतं. "जे मुक्कामाच्या गावात मिळत नाही ते इंधन नाही वं, ते हौस हाय." स्पिरिट पारशिवनीच्या बाजारात घ्यायचं ठरलं. पुढे शकूताईंच्या ओळखीच्या सिंधूबाईंचं शेत होतं, तिथे मुक्काम. सिंधूबाईंची एकच अट: धानाची तणस, म्हणजे भाताचा वाळका पेंढा, रचून ठेवलेली आहे, जमिनीवर काडीचाही जाळ करायचा नाही. शकूताईंनी तसा शब्द दिला होता. बाजारात त्या डाळ-तांदूळ पाहायला थांबल्या आणि स्पिरिटची बाटली आणायला प्रमिलाबाईंना पाठवलं. जबाबदारी घ्यायची सवय व्हावी म्हणून, मुद्दाम.

शेतावर पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं आणि हिवाळ्याची थंडी बांधावरून वर येऊ लागली होती. सगळ्यांनी आपापल्या डब्या मांडल्या, भोवती पत्र्याचे आडोसे लावले. शकूताईंनी बाटलीचं बूच उघडलं, वास घेतला आणि थबकल्या. त्यांनी एक थेंब स्टीलच्या चमच्यात घेऊन दूर जाऊन काडी लावली. चमच्यातून पिवळा भडका आणि काळा धूर निघाला.

"प्रमिला, हे काय आणलं वं?"

प्रमिलाबाईंचा चेहरा उतरला. "मी स्पिरिटच मागतलं ताई. दुकानदार म्हणे स्पिरिट संपलं, थिनर घेऊन जा, दोन्ही एकच. पॉलिशवाले हेच नेतात म्हणे."

आपण सगळ्यांनीच आयुष्यभर दुकानदाराचं ऐकलेलं असतं. पण थिनर डबीत ओतणं म्हणजे मांडीवर फटाका लावणं. बाटलीला बूच लावून ती दूर बांधावर ठेवली गेली. बाजाराकडे जाणारं वाहन आता नव्हतं. डाळ-तांदूळ धुतलेले, पोटं रिकामी. कुणीतरी म्हणालं, तीन दगड मांडून थोडा जाळ केला तर कोण पाहतं? शकूताईंनी तणसीकडे बोट दाखवलं. कुणीतरी सिंधूबाईंच्या घरात शिजवू म्हणालं. शकूताईंनी नकारार्थी मान हलवली. सिंधूबाईंची चूल धुराची होती, हे सगळ्यांनी येताना पाहिलं होतं. प्रमिलाबाई रडवेल्या झाल्या. "आता आमचे हे म्हणतील, सांगतलं होतं ना. माह्यामुळं सगळ्याइचं बंद होईल."

तेव्हा सिंधूबाई पदरानं तोंड पुसत हळूच म्हणाल्या, "ताई, राग नका मानू. पहिल्या धारेची मोहाची हाय गावात. काडी लावली तर पेटते, मी पाह्यली."

सगळ्या बायका शकूताईंकडे पाहू लागल्या. शकूताईंबद्दल हे सांगायला हवं: त्यांच्या घराण्यानं छप्पन्न साली नागपुरात दीक्षा घेतली, आणि घरात पंचशील नुसतं भिंतीवर टांगायला नव्हतं. खापरखेड्याच्या वसाहतीत बायकांना घेऊन दारूची मडकी फोडणाऱ्यांत त्या पुढे असत. लग्नाच्या पंगतीत शेजारचा माणूस प्यायलेला वाटला तर त्या ताट घेऊन उठायच्या. आणि आता तीच बाटली, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली, सिंधूबाईंनी आणून त्यांच्यासमोर ठेवली होती.

त्यांनी हातातला चमचा खाली ठेवला. मग प्रमिलाबाई म्हणाल्या, "ताई, तुमी हात नका लावू. मी ओतते."

"हात लावल्यानं नाही लागत वं," शकूताई म्हणाल्या, "ओठ लावल्यानं लागते." आणि बाटली उचलली. "पाचवं शील पिऊ नको म्हणते. जाळू नको असं कुठं म्हणते?"

चमच्यात थेंब घेतला, काडी लावली. आधी काही नाही. त्यांनी बाटली शालीखाली छातीशी धरून ऊब दिली. ते दृश्य पाहून आम्ही हसू दाबत होतो आणि त्यांना ते कळत होतं. दुसऱ्या काडीला निळी, आळशी ज्योत उभी राहिली. धूर नाही. मोहाच्या फुलांचा गोडसर वास मात्र सगळ्या शेतभर झाला. डब्या एकेक करून पेटल्या. विझल्याशिवाय पुन्हा ओतायचं नाही, यावर शकूताई पहाऱ्याला उभ्या. खिचडीला नेहमीपेक्षा खूप वेळ लागला आणि डबीच्या तळाशी पाणी उरलं. "गाववाल्यानं पाणी घातलं वाटते," त्या म्हणाल्या. "पिणाऱ्याले कधी कळलं नसतं."

तेवढ्यात प्रमिलाबाईंचा फोन वाजला. यजमान. त्यांनी गडबडीत स्पीकर लावला.

"जेवल्या का? काय जाळलं?"

"मोहाची," प्रमिलाबाई म्हणाल्या.

"मोहाची?" पलीकडचा आवाज चढला.

"अवो, पेलो नाही! जाळली!"

आम्ही इतक्या हसलो की सिंधूबाईंचा कुत्रा भुंकत उठला. खिचडी खाऊन झाल्यावर शकूताईंनी पातेलं पालथं केलं, अंगठा फिरवला, रुमालावर दाबला. रुमाल पांढराच राहिला. "दारूचा याच्याहून चांगला उपयोग मी जन्मात पाह्यला नाही," त्या म्हणाल्या. उरलेली बाटली त्यांनी स्वतः बांधाच्या मातीत ओतली.

हात पोळला नाही, पदर पेटला नाही, कुणी उपाशी राहिलं नाही. प्रमिलाबाईंच्या यजमानांना शब्द पाळावा लागला. ते नंतर ही मोहाची गोष्ट स्वतःच पानठेल्यावर सांगत, आपणच पाठवल्यासारखी. त्यानंतर प्रत्येक हिवाळ्यात मुक्काम झाला.

गेल्या उन्हाळ्यात शकूताई गेल्या. थोडं आजारपण, मग झोपेतच. शोकसभा भरली आणि अध्यक्षांनी सभापतिपद स्वीकारलं. अशा जागा त्यांना आपोआप सापडतात. हिमालयाच्या उल्लेखानंतर त्यांनी जाहीर केलं की आता दरवर्षी मंडळ शकूताईंच्या नावानं मुक्काम घेईल. गाडी मंडळाची, साहित्य मंडळाचं, शेगडीचं इंधनही मंडळाचं. बायकांनी फक्त यायचं.

आमच्या रांगेतून प्रमिलाबाई उठल्या. सभेत बोलायला त्या जन्मात उठल्या नव्हत्या.

"साहेब, त्या इंधनाच्या डब्यावर काय लिहिलं हाय, तेवढं वाचून सांगा."

अध्यक्षांना ते पाठ नव्हतं.

"मंग आमी एसटीनंच जातो," प्रमिलाबाई म्हणाल्या आणि बसल्या.

या जानेवारीत आम्ही तशाच गेलो. निळं स्पिरिट प्रमिलाबाईंनी दुकानात उभं राहून, वास घेऊन, चमच्यात पेटवून मगच घेतलं. दुकानदार काही म्हणायला गेला तर त्याला म्हणाल्या, "दोन्ही एक नसते गा भाऊ." शेतावर चहा झाला. प्रमिलाबाईंनी पातेलं पालथं केलं, बुडावर अंगठा घासला, इकडेतिकडे पाहिलं आणि रुमाल सापडला नाही म्हणून तो माझ्या शालीच्या काठावर दाबला. शाल पांढरी होती, नवी होती, आणि त्यांनी मला विचारलं नव्हतं.

डाग पडला नाही.