हेप्सी कोकली आणि ‘वेअर’चे दोन अर्थ

माझी नणंद हेप्सी कोकली हिने इंग्लंडमधल्या लाँग्टनच्या एका चिनी मातीच्या भांड्यांच्या कारखान्यात एकोणचाळीस वर्षं वेअर, म्हणजे ती भांडी, तपासण्याचं काम केलं. भट्टीतून निघालेली बशी डाव्या हाताच्या बोटांवर तोलायची, लाकडी खुंटीने हलकेच ठोकायची आणि कान द्यायचा. खणखणीत वाजली तर चांगली. बद्द आवाज आला की तडा आहे, मग तो डोळ्यांना दिसो न दिसो. माझ्या लग्नात तिने दिलेल्या सेटमधली प्रत्येक बशी तिने सगळ्या पाहुण्यांसमोर वाजवून घेतली. माझी आई म्हणाली, “बाई गं, आता नवरदेवालाही वाजवून बघ.”

“त्याला लहानपणापासून वाजवतेय,” हेप्सी म्हणाली. “जरा बद्दच आहे, पण टिकेल.”

आमच्याकडे कप, बश्या, किटल्या असं कोणी वेगवेगळं म्हणत नाही. माती आकाराला आली की ते वेअर, भाजलं की वेअर, झिलई चढली की वेअर. फुटलं की मात्र नाही. फुटलेलं मागच्या ढिगाऱ्यावर जातं.

हेप्सीचे वडील इनॉक हे फळीवाले. सहा फुटी फळीवर कप मांडायचे, फळी खांद्यावर घ्यायची आणि अंगणातल्या दगडी जिन्यावरून भट्टीपर्यंत न्यायची. जिन्याच्या वळणाशी आलं की जोरात ओरडायचं, “वेअर!” हेप्सी एकोणीस वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. कचेरीत परगावचा एक नवा कारकून आला होता. आरोळी ऐकून त्याला वाटलं, कसला तरी माल आला. म्हणून तो बघायला वळणावर आला आणि थेट इनॉकना धडकला. त्यांनी फळी सोडली नाही. भिंतीशी रेटून ती कठड्यावर टेकवली आणि स्वतः खाली गडगडले. कंबरेचं हाड मोडलं. हेप्सी धावत आली तेव्हा त्यांनी विचारलं, “वेअर वाचलं का गं?”

वेअर वाचलं होतं. इनॉक पुढे नऊ वर्षं खिडकीपाशी खुर्चीत बसून राहिले. हेप्सीने लग्न केलं नाही. वडिलांचं सगळं तिनेच केलं, पण तो प्रश्न तिच्या मनातून कधी गेला नाही.

त्रेपन्न सालच्या हिवाळ्यात आम्ही दोघी चॅपलच्या हॉलमध्ये मंगळवारच्या वर्गाला गेलो. खरं तर शिवणाला जायचं होतं. शिवणाचा वर्ग भरला होता, शब्दांच्या इतिहासाचा रिकामा होता. शिकवायला विद्यापीठातले मिस्टर टेनंट यायचे. किडकिडीत, कायम सर्दी झालेला माणूस. तिसऱ्या मंगळवारी त्यांनी फळ्यावर लिहिलं, ‘वेअर’. रोज तेच हाताळणारा सगळा वर्ग हसला.

“हा शब्द हजार वर्षांहून जुना आहे,” ते म्हणाले. “अर्थ, विकायचा माल. आता दुसरा शब्द बघा. उच्चार हाच, पण अर्थ ‘जपून, सांभाळा’. काही विद्वानांना वाटतं, मुळात दोन्ही एकच असावेत. जे राखायचं, जपायचं, तोच माल. नक्की सांगता येत नाही, पण...”

“मला सांगता येतं,” हेप्सी उभी राहिली.

मी तिचा कोट ओढला. “खाली बस ना!”

“तू गप गं, एडिथ.” आणि तिने सगळं सांगितलं. जिना, कारकून, फळी. “आरोळी एकच होती, साहेब. त्या कारकुनाने ऐकलं, माल आला. माझे वडील म्हणत होते, बाजूला हो. दोन्ही एकाच शब्दात होतं. एवढंच सांगा मला, राखायचं ते कपांनाच का? ओरडणाऱ्या माणसाला राखायचं काम कोणाचं?”

मिस्टर टेनंटनी खडू खाली ठेवला. नाक पुसलं. मग म्हणाले, “हे मला कोणत्याही पुस्तकात सापडलं नसतं, मिस कोकली.”

पुढच्या आठवड्यात ते वही घेऊन कारखान्यात हजर. प्रत्येक फळीवाल्याला विचारायचे, “तुम्ही ओरडता तेव्हा अर्थ कोणता?” एक म्हणाला माल, दुसरा म्हणाला सांभाळा, तिसरा म्हणाला, “आत्ता अर्थ हाच की तुम्ही माझ्या वाटेत उभे आहात.”

उन्हाळ्यात त्यांचं छोटं पुस्तक निघालं. त्यात जिन्याची हकीकत होती. ती ‘एका वृद्ध स्त्री-कामगाराने’ सांगितली, असं छापलं होतं. हेप्सीने ते वाचलं, टोपी चढवली आणि मला घेऊन बसने त्यांच्या घरी गेली.

“वृद्ध? बावन्न वर्षांची आहे मी!”

“चूक झाली,” ते कानापर्यंत लाल झाले.

“माझं राहू द्या. माझ्या बापाला नाव होतं. ओरडला तो, पडला तो, आणि पुस्तकात कोण, तर ‘एक मजूर’?”

त्या रविवारी मिस्टर टेनंट उरलेल्या सगळ्या प्रती पेटीत भरून हेप्सीच्या स्वयंपाकघरात आले. ती ओटच्या पिठाची धिरडी घालत होती, चीज भरून एकेक त्यांच्या ताटात टाकत होती, आणि ते एकेका प्रतीत शाईने लिहीत होते, ‘इनॉक कोकली, फळीवाले, लाँग्टन’. पंच्याऐंशी प्रती. मी शाई टिपून द्यायला बसले होते. साठाव्या प्रतीला त्यांचा हात दुखू लागला, तेव्हा हेप्सीने लेखणी काढून घेतली आणि उरलेल्या प्रतींत स्वतः लिहिलं. दर वेळी ती ते नाव पुटपुटत होती. मध्येच थांबून म्हणाली, “बाबा काही मूर्ख नव्हते. हाती दिलेलं टाकायचं नाही, एवढंच त्यांना येत होतं.” इतक्या वर्षांत ‘वेअर वाचलं का’ या वडिलांच्या प्रश्नाबद्दल ती असं मऊ बोललेली मी पहिल्यांदाच ऐकली.

पुढच्या हिवाळ्यात शिवणाच्या वर्गात जागा होती. मी गेले. हेप्सीने भूगर्भशास्त्रात नाव घातलं. म्हणाली, आयुष्यभर माती हाताळली, ती येते कुठून ते तरी बघते.