कापलेली नळी

बातम्या तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली. ‘प्रत्यक्षदर्शींच्या म्हणण्यानुसार’ असं लिहून आलं की मी विचारायचे — कोण, आणि कुठे उभा होता? देवा-भुतांच्या असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. जे पाहिलं तेवढंच लिहिते.

जपानमध्ये, कोबे शहरात डोंगरउतारावर आम्ही जुनं घर घेतलं. अंगणात गाडी लावायच्या जागेखाली हीटरसाठी पुरलेली रॉकेलची टाकी निघाली. गंजून खचली असती तर गाडीसकट अंगण खाली गेलं असतं. माझा नवरा निखिल म्हणाला, “विकू आणि कंपनीच्या फ्लॅटमध्ये परत जाऊ.” मला मात्र हे घर हवं होतं. दारावर पहिल्यांदाच माझं नाव लागलं होतं.

कामगारांनी टाकी उपसली, धुतली, काठोकाठ वाळू भरली. हवेची नळी तेवढी जमिनीवर उरली.

“ओकुसान, ही राहू दे,” मुकादम मोरीसान मला म्हणाले. ओकुसान म्हणजे बाईसाहेब. “विहीर बुजवतानाही आम्ही ठेवतो. आतल्या देवाला श्वास घ्यायला.”

“विहिरीत पाण्याचा देव. रॉकेलचा कुठला?”

ते हसले... पण कटर उचलेनात.

“अगं, एक नळीच तर आहे,” निखिल म्हणाला.

“आज नळी, उद्या दाराला लिंबू-मिरची. कापा!”

नळी कापली. तोंडावर काँक्रीट घातलं.

सकाळी काँक्रीटमध्ये नळीच्याच मापाचं भोक होतं. कडा गुळगुळीत, आसपास चुरा नाही. मोरीसाननी पुन्हा भरलं — पुन्हा तेच. मग स्क्रूंनी आवळलेलं पोलादी झाकण बसवलं. सकाळी झाकण बाजूला, आणि त्यावर स्क्रू ओळीत मांडलेले. कॅमेरा लावला. संध्याकाळी झाकण बंद, उजाडल्यावर उघडं... मधलं चित्रण सलग आहे आणि त्यात काहीच हलत नाही.

मी भोकावर तळहात धरला. ऊब लागली. मग हात आत ओढला गेला. मग पुन्हा ऊब. खाली नुसती वाळू.

“वसुधा, बास झालं. विकू या.”

“श्वास घेतोय ना? घेऊ दे. दारावर नाव माझं आहे, त्याचं नाही.”

मोरीसान नळी परत बसवायला तयार आहेत. मी नाही. गाडी तिथेच लागते. रोज संध्याकाळी मी झाकण आवळते, रोज सकाळी ते उघडं असतं. असं का, ते मला सांगता येत नाही, मोरीसाननाही नाही.

काल एक स्क्रू कमी भरला. मी स्क्रूंचं अख्खं पाकीट आणून ठेवलंय.