रिठाबाईंचा हेवा

रिठाबाई माणसाच्या तोंडाकडे आधी बघत नसत, केसांकडे बघत. पुण्याच्या कॉलेजातून त्या नंदुरबारला आमच्याकडे उतरल्या, तेव्हा मी गूळपाणी घेऊन दारात उभी होते. नमस्कार नाही, चमत्कार नाही, माझी वेणी हातात धरून म्हणाल्या, "वहिनी, रिठ्यानंच धुता ना? दिसतंयच!" त्यांची स्वतःची वेणी जेमतेम बोटभर. नवरा नाही, मूल नाही, हातात पुरुषी छत्री आणि पायांत जाड वहाणा. मला त्या पहिल्याच दिवशी आवडल्या नाहीत.

त्या आल्या होत्या रिठ्याच्या झाडाचा अभ्यास करायला. रिठ्याच्या फेसानं केस, रेशीम, लोकर, सोनाराकडची चांदी धुतात, हे आमच्या गावाला सांगायला पुण्याहून कोणी यायची गरज नव्हती. बाईंना कोडं पडलं होतं ते निराळंच. फळाचा गर इतका कडू की पाखरू चोच लावत नाही, मग झाडाखाली पडलेलं बी लांब जाऊन रुजतं कसं? आमचे हे हायस्कुलात सायन्स शिकवत. कॉलेजातून पत्र आलं म्हणून ह्यांनी बाईंना मागची खोली दिली, आणि खोलीपाठोपाठ स्वतःही त्या कोड्यात जाऊन बसले.

बाईंचा एक शब्द ठरलेला होता, "पाहिलंय?" हे म्हणाले, वटवाघळं नेत असतील बी. "पाहिलंय?" माकडं नेत असतील. "पाहिलंय, मास्तर?" मी असं उलट विचारलं असतं तर ह्यांच्या कपाळाला आठी पडली असती. बाईंनी विचारलं की हे लहान मुलासारखे हसायचे आणि वहीत काहीतरी लिहून घ्यायचे. लग्न झाल्यापासून जेवताना ह्यांनी माझ्याशी मीठ आणि ताक यापलीकडे बोलणं केलेलं मला आठवत नाही. बाईंशी मात्र फेसावर बोलणं चाले. रिठ्याचं पाणी भरलेल्या बाटल्या दोघं खळाखळा हलवत आणि कोणत्या झाडाचा फेस जास्त टिकतो ते टक लावून बघत बसत. एकदा तर माझ्या तांब्याच्या घंगाळात रिठ्याचं पाणी करून त्यात नदीतले मासे सोडले. मासे झिंगले, दोघं खूश झाली, आणि घंगाळ चिंचेनं घासत बसले मी.

शेजारच्या गिरजामायनं एक दिवस मला अंगणात गाठलं. "गोदा, तुन्हा नवरा त्या बाईना मांगे मांगे बाटल्या हातमा लई फिरी ऱ्हायना. तुले काही दिसत नही का व?"

"दिसस ना माय, समदं दिसस," मी म्हटलं. माझ्या पोटात नुसती आग पडली होती.

परसात कुंड्यांची रांग लागली होती. हे पहाटे उठून त्यांना पाणी घालत, माझ्या तुळशीला कधी घातलं नाही इतक्या मायेनं. कुंड्यांत रिठ्याचं बी होतं आणि ते काही केल्या उगवत नव्हतं. माती बदलली, शेणखत घातलं, कुंड्या उन्हातून सावलीत गेल्या. गावाच्या धुण्याच्या घाटावरही तेच. सगळ्या बायका केस धुऊन बिया तिथेच टाकतात, पण रोप एकही नाही. बाई हिरमुसल्या. मला आतून बरं वाटलं.

मग जंगलखात्याच्या एका शिपायानं सांगितलं, की वर तोरणमाळला ओढ्याच्या काठानं रिठ्यांची दाटी आहे, बायकांच्या आंघोळीच्या जागी तर जास्तच. ह्यांनी त्याच संध्याकाळी बूट काढून पॉलिश केले. जेवताना बाई शांतपणे म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही नाही. बायका न्हातात तिथे तुम्ही काय करणार? वहिनी येतील."

ह्यांचा घास हातातच राहिला. तो चेहरा आठवला की मला अजून गुदगुल्या होतात.

मला नेण्यात अर्थ होता. माझं माहेर तळोद्याचं. वडिलांच्या दुकानात डोंगरातल्या बायका चारोळी, डिंक घेऊन येत, त्यांची बोली मला कामापुरती येत होती. शहाद्यापर्यंत मोटार, तिथून बैलगाडी आणि मग चढ. बाई धापा टाकत, पण प्रत्येक झाडाशी थांबत. फांदीवरचा मोहर दाखवून म्हणाल्या, "यातली बरीचशी फुलं नराची. फळ धरणारी थोडी. बघा, तुम्हीच शोधा." मी शोधली. मला सापडली! इतका आनंद मला सोन्याच्या पाटल्या केल्या तेव्हाही झाला नव्हता.

होळी जवळ आली होती, म्हणून ओढ्यावर डोंगरातल्या पावरा जमातीच्या बायकांची न्हाण्याची गर्दी होती. आम्ही दोघी खडकावर बसून राहिलो. एकीनं रिठा तसाच दगडावर ठेचला, गर घेतला, बी मागे भिरकावलं. मागे लहानमोठ्या रोपांची झुंबड होती. झाडाला लांब नेणारं पाखरू आमच्यासमोर केस विंचरत होतं.

"मग तुमच्या घाटावर का नाही?" बाई पुटपुटल्या आणि एकदम माझ्याकडे वळल्या. "वहिनी, तुम्ही रिठा कसा करता?"

"रात्री भिजवते आणि सकाळी पातेल्यात रटरटा उकळते. गावात सगळ्याच तसं करतात."

"आणि कुंड्यांतलं बी मास्तरांनी कुठून आणलं?"

"माझ्या मोरीतून," मी म्हटलं. "माझं न्हाणं झालं की वेचून नेतात."

बाईंनी कपाळावर हात मारला. उकडलेल्या बियांना दोघं महिनोन् महिने पाणी घालत होती! आम्ही दोघी इतक्या हसलो की ओढ्यातल्या बायकाही उगाच हसायला लागल्या.

घरी आल्यावर ह्यांना सांगितलं. हे हसले नाहीत. दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत आणि बाईंशीही नाही. एव्हाना माझी आग विझली होती. मला बाईंबरोबर पुन्हा वर जायचं होतं, एवढंच मला कळत होतं.

निघताना बाईंनी ह्यांच्या समोरच विचारलं, "वहिनींना माझ्याबरोबर पाठवता? शिकवीन मी. मला असं माणूस हवंय."

"मग घर कोण बघेल?" हे म्हणाले. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पदराचं टोक पिळत उभी राहिले. टांगा वळला, आणि मी आत जाऊन भाजी चिरायला बसले.

पुढे काही वर्षांनी बाई सुरतेकडे निघाल्या आहेत, नंदुरबार स्टेशनावर गाडी थांबेल, असा निरोप आला. मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन गेले, हेही आले. खिडकीत बाई दिसल्या, केस पिकलेले. त्यांच्या शेजारी एक तरुण मुलगी होती, मांडीवर बियांची पिशवी. बाई मला काहीतरी झाडाबद्दल सांगू लागल्या, तर ती मुलगी मध्येच म्हणाली, "नाही बाई, ते झाड आपण डोंगराच्या पलीकडे पाहिलं." आणि बाई मान डोलावून म्हणाल्या, "खरंच की!"

शिट्टी झाली. माझ्या शेजारी उभे राहून हे बाईंकडे एकटक बघत होते. त्याचं मला काही म्हणजे काही वाटलं नाही. मी त्या मुलीकडे बघत होते, गाडी दिसेनाशी होईपर्यंत.