पदीबायची नाचणी आणि सरांची बुरशी

मातीत हात घालणाऱ्या माणसांकडे किस्से फार साठतात. नखातली माती निघते, किस्से काही निघत नाहीत! आमचा प्रोजेक्ट संपून वर्षं झाली. मी आता कल्याणला कॉलेजात शिकवते. पण परवा माळ्यावर मातीची जुनी चाळणी सापडली आणि शहापूरच्या त्या भाड्याच्या दोन खोल्या आठवल्या. खोटं कशाला बोलू, जीव कासावीस झाला.

त्या खोल्या हीच आमची माती तपासायची लॅब. तिथे आम्ही दोघंच, देवधर सर आणि मी. काम मुरबाडकडच्या एका पाड्यावर. तिथे कुणीतरी जुन्या बॅटऱ्या वितळवायची चोरटी भट्टी चालवली होती. भट्टी बंद पडली, पण शेजारच्या पदीबायच्या डोंगरउताराच्या शेतात शिसं सोडून गेली. ती तिथे नाचणी लावायची.

*

पहिल्या वर्षी सरांनी तिची नाचणी तपासली आणि सांगितलं, "ही खायची नाही, बाई."

पदीबाय साठीची. मांडीवर नात, नुकते दात येत होते. तिनं एवढंच विचारलं, "तुमी खाल?"

सरांना खोटं बोलता यायचं नाही. "नाही," म्हणाले.

तिनं सगळी नाचणी खड्ड्यात पुरली. "घरचं रान असून नातीला इकतची नाचणी!" एवढंच बोलली.

*

मग सरांनी उपाय काढला. जंगलात झाडांच्या मुळांवर एक बुरशी राहते. ती शेतात रुजली तर शिसं मुळाशीच अडवते, कणसापर्यंत फारसं जाऊ देत नाही. सरांनी हे पदीबायला समजावलं.

"साहेब, लोनच्याला बुरशी आली त मी बरनी घासून टाकते. तुमी शेतात घालता?"

"बाई, ही चांगली बुरशी आहे."

"भट्टीवाला बी म्हनायचा, चांगला धूर हाये!"

*

ती बुरशी आणायची डोळखांबच्या जंगलातून. दोन पोती माती घेऊन आम्ही मुरबाडच्या एसटीत चढलो. कंडक्टर म्हणाला, "यात काय?"

"माती."

"मुरबाडला माती नाय काय?"

झालं! सर सुरू झाले. बुरशी, जंतू, मुळं... मी कोपर मारतेय, पण ऐकतंय कोण? "अहो, ही माती जिवंत आहे! एका चिमटीत मोजता येणार नाहीत इतके जीव आहेत!"

कंडक्टरने शांतपणे तिकिटाचं मशीन पुढे घेतलं. "मंग समद्यांची काढू?"

*

सरांना लेबलं लावायचं वेड. स्वतःच्या डब्यालासुद्धा! एकदा त्या लेबलामुळेच मी त्यांची शेंगदाण्याची लाल चटणी मातीचा नमुना समजून ओव्हनमध्ये वाळवली, चाळली, वजन केलं आणि वहीत लिहिलं, "सेंद्रिय पदार्थ भरपूर."

जेवणाच्या वेळी सरांनी वही वाचली आणि खाली सही केली! वही अजून माझ्याकडे आहे. सर गेल्या वर्षी गेले. ती सही बघितली की हसू येतं आणि डोळेही भरतात.

*

आता माझी चूक सांगते. मी इथलीच, शहापूरची. आमच्याकडे रोपाची जागा पालापाचोळा, टहाळ आणि शेण पसरून भाजल्याशिवाय कुणी पेरत नाही. त्याला राब म्हणतात. हे मला माहीत, सरांना नाही. सरांनी शेतातल्या रोपाच्या जागेत जंगलातली माती मिसळली, पाट्या रोवल्या. पदीबायला "यंदा राब नको गो" एवढं सांगायचं काम माझं होतं. मी विसरले!

आठ दिवसांनी गेलो, तर प्लॉट काळाकुट्ट. सरांनी वाकून जळकी माती चिमटीत घेतली. "वरच्या थरातली सगळी बुरशी गेली." मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

पदीबाय लगबगीनं आली, हातात आमच्या पाट्या. "तुमी येवढी मेहनत घेता, म्हनून चांगला जाडजूड राब भाजला. ह्या जळतील म्हनून आदीच काढून ठेवल्या गो!"

एक वर्ष फुकट गेलं. नात आणखी एक वर्ष विकतचंच खात राहिली. पदीबाय पुढच्या एप्रिलात रोज शेतावर फेरी मारायची, कुणी काडी ओढेल म्हणून.

*

त्यानंतरची तिसरी कापणी. रिपोर्ट चांगला आला. आम्ही धावतच पाड्यावर गेलो. सर दारातूनच आकडे वाचायला लागले. पदीबाय चुलीपाशी भाकऱ्या थापत होती. तिनं मान वर केली नाही.

"कागद ऱ्हाऊ द्या साहेब. बसा."

सरांपुढे ताट ठेवलं. त्याच शेतातल्या नाचणीची भाकरी आणि ठेचा. सरांनी कागद खिशात घातला आणि भाकरी मोडली. ती समोर बसून बघत होती. एक भाकरी संपली.

"आनखी?"

सरांनी ताट पुढे केलं. दुसरी भाकरी शेवटच्या तुकड्यापर्यंत संपेतो ती जागची हलली नाही.

मग उठली, अंगणातून नातीला हाक मारून आत घेतली आणि तिसरी भाकरी दुधात कुस्करायला लागली.