मीठ बघणारी

मार खाल्ल्याशिवाय मूल खरं बोलायला शिकतं का, हा प्रश्न मला फार दिवस छळत होता. शिक्षा केली नाही तर पाप म्हणजे काय ते पोराला कळणार कसं, असं माझं म्हणणं. आमचे हे पडले मवाळ. "जरा हात आवर गं," एवढंच म्हणायचे आणि शेतावर निघून जायचे. आम्हा ख्रिस्ती लोकांत संध्याकाळची रोझरी, म्हणजे माळेवरची प्रार्थना, संपली की मुलं मोठ्यांचा हात कपाळाला लावून आशीर्वाद मागतात. आमची लेक फिलू माझा हात घेताना खांदे आत ओढायची. मला वाटे, धाक आहे, बरंच आहे. पण घरातल्या आल्तारावरची मेणबत्ती विझवताना मनात यायचंच, ही पोर देवालाही अशीच भीत असेल का? मग म्हणायची, मरियामाते, मला काही उमगत नाही, तूच बघ.

तिच्या पहिल्या कम्युनियनचा, फादरांच्या हातून पवित्र भाकर पहिल्यांदा घेण्याचा, रविवार आला. त्या काळी मध्यरात्रीनंतर पोटात अन्नाचा कण गेला तरी सकाळी कम्युनियन घेता येत नसे. त्यामुळे रविवारी सकाळी रांधताना घरातलं मोठं माणूस चव घेत नसे. मीठ बघायचं काम ज्याचं पहिलं कम्युनियन झालेलं नाही त्या लेकराचं. आमच्याकडे ते फिलूचं, अगदी बोबडं बोलायची तेव्हापासून. खारट असलं की नाक मुरडायची, ते आम्हाला पुरे. त्या पहाटे मी परसात पाहुण्यांसाठी फुगे, म्हणजे आंबवलेल्या मैद्याचे गोल वडे, तळत होते. धुराने डोळे चुरचुरत होते, उशीर होत होता, आणि जो समोर येईल त्याला मी कामाला जुंपत होते.

देवळाकडे, म्हणजे आमच्या चर्चकडे, निघालो. अंधेरीचं आमचं गावठाण मागे पडलं, भातशेतांमधली वाट लागली. वाटेवरच्या क्रुसापाशी फिलू थांबली. पांढरा झगा, डोक्यावर जाळीच्या कापडाचा वेल, हातात मेणबत्ती. खाली मान घालून म्हणाली, "माय, मीनी फुगा खाल्ला."

पाहुणे, फादर, हौसेने शिवलेला झगा, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. माझा हात वर गेला.

समोरून एक बाई येत होती. कोकणातली असावी, जोगेश्वरीच्या देवीला निघाली होती, हातात नारळ होता. ओळख ना पाळख, पण ती थांबली. "बाये, कशाक मारतंस?"

"उपास मोडला हिनी," मी फणकारले.

"माझोय आज उपास आसा," ती म्हणाली. "उपास मोडलो तर परत धरूक येता. पण खरा बोलल्यावर मार बसलो, तर चेडू परत खरा कशाक बोलतला?" आणि ती आपल्या वाटेने निघून गेली.

हात खाली आला. कसा, ते मला आजही सांगता येणार नाही. मग मी विचारलं, "कवा खाल्लास?"

"तू मीठ बगाला दिलास तवा. तोंडात घातल्यावर आठवला."

मीच दिला होता, सवयीने, धुरात डोळे पुसत. आणि पोरीने मात्र 'मी खाल्ला' एवढंच सांगितलं होतं, माझ्यावर काही ढकललं नव्हतं. तो हात पडला असता तर हे मला कधीच कळलं नसतं. मला तिथेच रडू आलं.

फादर म्हणाले, "विसरून खाल्लास त्यात पाप नाय, पोरी. पुढच्या रविवारी ये." बाकीची मुलं कम्युनियन घ्यायला वर गेली तेव्हा फिलू मागच्या बाकावर बसली, आणि मीही वर न जाता तिच्याजवळ बसले. घरी पाहुण्यांनी फुगे खाल्ले. चार बायका कुजबुजल्याच, पण मीठ बरोबर झालंय हे सगळ्यांनी कबूल केलं.

पुढच्या रविवारी तिने एकटीने कम्युनियन घेतलं, सुखाने पार पडलं. ती बाई पुन्हा कधी दिसली नाही. मी तिचं नाव विचारलं नाही, पण रोझरीत तिच्यासाठी एक 'नमो मरिया' ठेवलेलीच आहे. लेकरू देवाने दिलेलं, त्याला वळण लावायला देव आपल्या आधी येऊन उभा असतो. आपण जरा थांबावं, एवढंच आपलं काम.

पण माझ्या वाट्याची कृपा मला त्या पहिल्याच रविवारी संध्याकाळी मिळाली होती. रोझरी संपली. फिलू आली, तिने माझा हात घेतला आणि कपाळाला लावला. खांदे जागच्या जागी होते. मी त्या खांद्यांकडे बघतच बसले, आशीर्वाद द्यायचा विसरले. हात तसाच कपाळाला धरून ती वाट बघत राहिली आणि शेवटी म्हणाली, "माय, आशीर्वाद दे ना."