माहेरच्या गावाचा रकाना

आमच्या दवाखान्यात यादोरावांवर सगळ्यात जास्त कोण चिडलं असेल, तर मी. सौंदडजवळच्या त्या ट्रस्टच्या दवाखान्यात मी रक्ततपासणी करायची आणि ते नोंदणीच्या खिडकीत बसायचे. १९९९ साली ते लागले तेव्हापासून त्यांची एकच खोड. नाव, गाव, वय विचारून माणसाला मोकळं करावं, तर हे पुढे विचारणार, मायचं नाव काय, माय कोणत्या गावची, बाई असेल तर माहेर कुठलं. मग ते सगळं कार्डाच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात लिहिणार. रांग पार पिंपळापर्यंत जायची. एकदा भर रांगेत मी म्हटलं, "भाऊ, कायले इतकं विचारता? सोयरीक जुळवून राहिले का?"

ते हसले नाहीत. म्हणाले, "अल्काबाई, लग्न झालं का पोरीचं नाव बदलते, आडनाव बदलते, गाव बदलते. माय तेवढी बदलत नाही."

मला ते रिकामं तत्त्वज्ञान वाटलं. मी नाक मुरडून कामाला लागले.

२००६ मध्ये दवाखान्याने विकतचं सॉफ्टवेअर आणलं. त्यात मायच्या नावाला जागाच नव्हती. यादोरावांनी कंपनीच्या माणसाकडे एक रकाना मागितला, तर तो म्हणाला, पुढच्या आवृत्तीत बघू. तीन वर्षांनी कंपनीच बंद पडली आणि एका सकाळी पडद्यावर मुदत संपल्याचा निरोप आला. नोंदी आमच्या पेशंटच्या, आणि कुलूप आम्हालाच. मी त्या कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. यादोरावांनी मात्र गुपचूप मागच्या खोलीतून टिनाच्या पेट्या ओढून आणल्या. रद्दीत घाला म्हणून सांगितलेली जुनी कार्डं त्यांनी दिलीच नव्हती.

मग नागपूरच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणाऱ्या संध्या मॅडम आल्या. त्यांनी बसवलेलं सॉफ्टवेअर मुक्त होतं. म्हणजे त्याची आतली रचना सगळ्यांना उघडी. ज्याला कळतं त्याने ती हवी तशी बदलावी आणि बदललेलं दुसऱ्यालाही द्यावं. फुकटचं आहे, कितीसं टिकणार, असं मी बोलूनही दाखवलं. यादोरावांनी पुन्हा आपला रकाना मागितला. मॅडमनी ते सॉफ्टवेअर वापरणाऱ्या देशोदेशीच्या लोकांना लिहून विचारलं, आणि चौथ्या दिवशी आफ्रिकेतल्या एका दवाखान्यातून आईच्या नावाचा रकाना तयारच होऊन आला. त्यांनाही हीच अडचण आली होती. माहेरच्या गावाचा रकाना मॅडमनी स्वतः जोडला आणि तिकडे पाठवून दिला. यादोराव एवढंच म्हणाले, "तिकडंबी सासर-माहेर असते म्हणजे." पुढचं वर्षभर ते जेवण झालं की एकेक जुनं कार्ड त्यात भरत बसायचे.

२०१२ च्या मार्चमध्ये फुलवंताला आणलं. पहिलटकरीण, आठवा महिना, इतकी धाप लागलेली की तोंडातून शब्द निघेना. रक्त फारच कमी होतं आणि तपासणीत सिकलसेल निघाला, म्हणजे आईबापांकडून लेकरात उतरणारा रक्तपेशींचा आजार. तिची सासू मंदाबाई छातीठोकपणे सांगत होती, पोरीला कधी आजार नाही, रक्त कधी चढवलेलं नाही. मी आमच्याकडचं रक्त जुळवून पाहिलं. जुळलं. पिशवी घेऊन मी निघाले.

तिकडे खिडकीत यादोरावांचे प्रश्न चालूच होते. मंदाबाईने वैतागून विहिणीचं नाव सांगितलं, धुरपता, आणि देवरीकडच्या एका गावाचं नाव घेतलं. क्षणभराने यादोराव पळत आले. त्यांना पळताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"थांबा बाई. हे रक्त चढवू नका."

पडद्यावर रुख्मा नावाची बारा वर्षांची पोर होती. मायचं नाव धुरपता, गाव तेच, हनुवटीखाली भाजल्याचा डाग. २००४ मध्ये तिला रक्त दिलं होतं आणि चौथ्या दिवशी ती मरता मरता वाचली होती. नागपूरच्या तपासणीनंतर शेरा होता, रक्ताचा अमुक उपप्रकार हिला पुन्हा देऊ नये. त्या रक्ताविरुद्ध अंगात तयार झालेली द्रव्यं इतक्या वर्षांनी साध्या तपासणीत दिसत नाहीत, पण तेच रक्त पुन्हा चढलं की उसळून येतात. मी धावत जाऊन फुलवंताची हनुवटी वर केली. डाग होता. माहेरच्यांनी लग्नासाठी आजार झाकला होता आणि सासरच्यांनी लग्नात नाव बदललं होतं.

मी पिशवी परत नेऊन ठेवली. ती पिशवी मीच जुळवली होती.

डॉक्टरांनी नागपूरला फोन लावला, दुपारपर्यंत ऑक्सिजनवर निभावलं, आणि योग्य रक्त आलं. संध्याकाळी फुलवंताने पाणी मागितलं. मी प्रयोगशाळेचं दार लावून पोटभर रडले, जीव भांड्यात पडला म्हणून. पिशवी काऊन बदलली, असं मंदाबाईने विचारलं तेव्हा यादोराव म्हणाले, डॉक्टरले दुसरी बरी वाटली. रुख्माचं नाव त्यांनी काढलं नाही.

महिन्याभराने फुलवंताला मुलगी झाली. घरी जायच्या दिवशी तिघी खिडकीशी आल्या. यादोरावांनी विचारलं, लेकराच्या मायचं नाव?

"फुलवंता," मंदाबाई म्हणाली.

"आधीचं रुख्मा," फुलवंता म्हणाली. "तेबी लिहा. अन् मायले लहानपणापासून सिकल आहे, तेबी लिहा."

मंदाबाईने नातीचं टोपडं नीट केलं आणि माझ्याकडे वळली. "बाई, माह्या पोराचंबी रक्त पाहून घ्या. या लेकराले काय भेटलं ते कळलं पाहिजे."

यादोरावांनी लिहायला घेतलं. रांग पिंपळाच्याही पुढे गेली होती, आणि मी त्यांना म्हटलं, सावकाश लिहा, भाऊ.